वाढवायचं की जुळवायचं?

“किती वॅटचा आहे?” घरी गाणी ऐकायला ॲम्प्लिफायर घेऊ पाहणाऱ्या माणसाचा दुकानातला पहिला प्रश्न हा असतो. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत कुठल्याही दुकानात उभे राहा. काउंटरच्या अलीकडून हा प्रश्न जातो आणि पलीकडून आकडा जितका मोठा येईल तितकी गिऱ्हाइकाची मान डोलते. त्याच दुकानात मागच्या बाजूला, उघड्या पडलेल्या डेकवर वाकलेला मेकॅनिक मात्र मान वर न करता दुसरंच विचारतो, “स्पीकर किती ओमचे आहेत?” याचं उत्तर सहसा कुणाच्या खिशात नसतं.

या दोन प्रश्नांमागे मराठीतली दोन क्रियापदं उभी आहेत. गिऱ्हाइकाच्या मनात ‘वाढवणे’ असतं, मेकॅनिकच्या मनात ‘जुळवणे’. घरातल्या स्टिरिओची निम्मी रड या दोघांच्या भांडणातून येते. म्हणून आज या यंत्रांच्या नावांची थोडी झडती घेऊ.

आधी ॲम्प्लिफायर. लॅटिनमध्ये ‘ॲम्प्लस’ म्हणजे ऐसपैस, प्रशस्त. त्याला ‘करणे’ या अर्थाचं क्रियापद जोडलं की ‘ऐसपैस करणे’. रोमन वक्तृत्वशास्त्रात हा शब्द मुद्दा फुलवून, रंगवून, चार ठिकाणी टेकवून सांगण्याच्या कलेला होता. म्हणजे यंत्राच्या कितीतरी आधी सभा गाजवणाऱ्यांनी तो वापरून ठेवला होता. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने 1906 साली ‘ऑडिऑन’ नावाची काचेची नळी केली. पुढे तिच्यासारख्या नळ्यांनी टेलिफोनच्या तारेतला दुबळा संदेश सुदृढ करता येऊ लागला आणि वक्त्यांचा शब्द विजेच्या कामाला लागला.

आपल्याकडे त्याला विश्वकोशाने ‘विवर्धक’ म्हटलं, हिंदीने ‘प्रवर्धक’ म्हटलं, सरकारी पत्रकांत ‘ध्वनिवर्धक’ रुळला. बाजाराने यातलं काहीच घेतलं नाही. दुकानात तो ‘अँप्ली’ असतो आणि मंडप-माइकवाल्यांच्या तोंडी नुसतं ‘मशीन’. “मशीन गरम झालंय, पाच मिनिटं थांबा,” असं लग्नाच्या मांडवात कुणी म्हणालं तर ते या विवर्धकाबद्दलच असतं.

पण विवर्धक, प्रवर्धक, ध्वनिवर्धक या तिन्हींत धातू एकच, ‘वृध्’. वृद्ध, वृद्धी, वर्धन ही त्याची संस्कृत बाजू. वाढ, वाढणे, वाढदिवस ही मराठी बाजू. गंमत अशी की ‘ध्वनी’ आणि ‘वर्धन’ हे दोन शब्द विजेच्या हजार वर्षं आधी काश्मीरमध्ये एकत्र आले होते. नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ लिहिणाऱ्या साहित्यशास्त्रज्ञाचं नाव आनंदवर्धन. त्याचा ‘ध्वनी’ मात्र कानाला ऐकू न येणारा, शब्दांच्या मागून सुचणारा अर्थ. आपल्या ध्वनीचे युरोपातले नातेवाईक तितके सोज्वळ निघाले नाहीत. त्याच मुळातून इंग्रजीत उतरलेला ‘डिन’ हा शब्द सरळ गोंगाटाला वापरतात.

‘वाढणे’ला मराठीने आणखी दोन कामं दिली. एक पंगतीतलं. भात वाढायचा, वरण वाढायचं, वाढणारा तो वाढपी. दुसरं अशुभ टाळण्याचं. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. एकाच शब्दाच्या पोटात वाढ, पंगत आणि मोडतोड तिन्ही बसलेली. “आवाज वाढव रे” असं म्हणत ॲम्प्लिफायरची खुंटी शेवटपर्यंत फिरवणाऱ्याने हे तीनही अर्थ लक्षात ठेवलेले बरे. आधी आवाज वाढतो, मग आवाज फाटतो आणि शेवटी स्पीकर वाढतो, तो बांगडीच्या अर्थाने.

असं का होतं, ते पंगतीतल्या अर्थावरून छान कळतं. ॲम्प्लिफायर हा वाढपी आणि स्पीकर हा जेवणारा. वाढप्याच्या हातात व्होल्टेजचं पातेलं असतं. पण किती घ्यायचं हे पानावर बसलेल्याच्या भुकेवर ठरतं आणि ती भूक मोजायचं माप म्हणजे ओम. फक्त हे माप उलटं आहे. ओम जितके कमी, तितकी भूक मोठी.

आता आकडे घालून पाहू. समजा ॲम्प्लिफायर स्पीकरला 20 व्होल्ट देतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओम म्हणजे वॅट. स्पीकर 8 ओमचा असेल तर 400 भागिले 8, म्हणजे 50 वॅट. तोच ॲम्प्लिफायर, तेच 20 व्होल्ट, पण स्पीकर 4 ओमचा. आता 100 वॅट. तारेतला प्रवाह अडीच अँपिअरवरून पाचवर गेला. यंत्र बदललं नाही, खुंटी हलली नाही, फक्त पानावर बसणारा बदलला. याचा अर्थ असा, की ‘किती वॅटचा?’ या प्रश्नाला ओम कळल्याशिवाय उत्तरच नाही. चांगल्या यंत्राच्या माहितीपत्रकात म्हणूनच ‘50 वॅट, 8 ओमवर’ असं जोडीने छापलेलं असतं. नुसता आकडा छापणारा अर्धंच बोलतो. आणि पाच अँपिअर पुरवण्याची तयारी नसलेल्या यंत्राला 4 ओमचा स्पीकर लावला तर ते तापतं. संरक्षणाची सोय असेल तर बंद पडतं, नसेल तर ट्रान्झिस्टर जातात.

यातून एक नेहमीचा घोटाळा सुटतो. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे तांबड्या-काळ्या खुंट्यांच्या दोन रांगा असतात, ए आणि बी. बैठकीत एक जोडी, आतल्या खोलीत दुसरी. दोन्ही एकदम चालू केल्या की बहुतेक यंत्रांत त्या समांतर जोडल्या जातात आणि 8 ओमचे दोन स्पीकर मिळून यंत्राला 4 ओमचे दिसतात. पाठीवर ‘ए किंवा बी: 4 ते 16 ओम, ए अधिक बी: 8 ते 16 ओम’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते याचसाठी. घरी आणल्यावर भिंतीला पाठ लावून ठेवलेल्या यंत्राची ती अक्षरं पुन्हा कुणी वाचत नाही.

या ओमच्या उच्चारावर शाळेत आम्हाला दुरुस्ती मिळायची, “ओहम म्हणा.” दुकानात सगळे ‘ओम’च म्हणतात. नाव गेओर्ग झिमोन ओम या जर्मन शिक्षकाचं. त्याने आपला नियम 1827 साली पुस्तकात मांडला आणि 1881च्या पॅरिसच्या विद्युत परिषदेत त्याच्या नावाचं एकक जगाने मान्य केलं. जर्मनमध्ये त्या नावातला ‘ह’ उच्चारत नाहीत, तो फक्त ‘ओ’ लांबवतो. म्हणजे पैठण गेटच्या मेकॅनिकचा ‘ओम’ पाठ्यपुस्तकातल्या ‘ओहम’पेक्षा त्या जर्मन घराण्याच्या जास्त जवळ आहे. प्रणवाशी त्याचं काही नातं नाही, तरी आठ ओमचा जप करणाऱ्या मेकॅनिककडे बघून क्षणभर तसं वाटतं खरं.

मेकॅनिक स्पीकर तपासतो तेही बघण्यासारखं असतं. मल्टिमीटरच्या दोन सुया खुंट्यांना लावल्या की 8 ओमच्या स्पीकरवर काटा सहाच्या आसपास थांबतो. नवशिका म्हणतो, स्पीकर खराब आहे. स्पीकर ठीक असतो. मीटर एकदिश प्रवाहाला होणारा अडथळा मोजतं आणि गाणं हा सतत उलटसुलट होणारा प्रवाह. मराठी परिभाषेने इथे दोन वेगळे शब्द दिले आहेत. पहिला ‘रोध’, दुसरा ‘संरोध’. तोच एक उपसर्ग सहा आणि आठातला फरक सांगतो. संरोध सुरागणिक बदलतो. खर्जात एक, तार सप्तकात दुसरा. पाठीवर छापलेले 8 ओम म्हणजे त्या चढउताराला दिलेलं एक सोयीचं नाव. मग तो मेकॅनिक दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतो आणि तारा क्षणभर टेकवतो. ‘टक्’ असा आवाज होतो आणि कागदाचा कोन पुढे येतो. पुढे आला तर सेलची धन बाजू ज्या खुंटीला लागली ती तांबडी. कोन मागे गेला तर तारा उलट्या. जोडीतल्या एकाच्या तारा उलट्या लागल्या तर दोन्ही स्पीकर वाजतात, पण एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि ढोलक-तबल्याचा खर्ज हवेतच विरतो. घरोघरी ‘याला बेसच नाही’ म्हणून बदनाम झालेल्या कितीतरी स्पीकरांचा गुन्हा एवढाच असतो.

आता वॅट. जेम्स वॅट हा वाफेच्या इंजिनवाला. 1882 साली सी. डब्ल्यू. सीमेन्सने त्याचं नाव शक्तीच्या एककाला सुचवलं. आपलं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे सांगून वॅटने ते विकलं होतं आणि ‘अश्वशक्ती’ हे माप त्यातूनच प्रचारात आलं. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. तेव्हा मोठा आकडा सांगून गिऱ्हाईक जिंकण्याची परंपरा या नावाला जन्मापासून चिकटली आहे असं म्हणायला हरकत नाही. वॅटने निदान घोडे प्रामाणिकपणे मोजले होते. 1990च्या दशकात खोक्यांवर ‘1000 वॅट पीएमपीओ’ झळकू लागलं तेव्हा तेवढंही राहिलं नाही. पीएमपीओ म्हणजे क्षणमात्र गाठता येईल अशा टोकाचा, ज्याने त्याने आपल्या सोयीने काढलेला आकडा. खोकं उलटं करून पाठ वाचली की खाली लिहिलेलं असायचं, वीज लागते 20 वॅट. सव्वा अश्वशक्तीपेक्षा जास्त आवाजाचा दावा आणि भिंतीतून घ्यायचे वीस वॅट! विचारायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे यंत्र सतत किती देऊ शकतं त्याचा. तो विचारला नाही तर वॅटच्या नादी लागून स्पीकरची वाट लागते.

याच काळात मराठी घरांत अख्ख्या स्टिरिओला ‘डेक’ म्हणत. “शेजारच्यांनी सकाळी सकाळी डेक लावला.” डेक हा मूळचा डच शब्द, अर्थ छप्पर किंवा आच्छादन. जहाजाचं छप्पर, मग त्यावरचा मजला, मग कॅसेट ठेवायचा सपाट भाग आणि आपल्याकडे आल्यावर सगळं यंत्रच. हा शब्द झाकणे या अर्थाच्या ज्या जुन्या मुळापर्यंत नेतात, त्याच मुळाशी संस्कृतातला ‘स्थग्’ जोडला जातो. स्थग्‌पासून झाकणारा, लपवणारा तो ‘स्थग’ आणि त्याचा पुढे झाला ‘ठग’. पीएमपीओवाल्या डेकच्या बाबतीत ही भावकी चांगलीच शोभते.

जिल्ह्याचा स्वतःचाही या नावांशी संबंध आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता. ‘व्हिडिओ’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी पाहतो’. आपल्या ‘विद्’चा तो सख्खा भाऊ. याच समूहाने ‘सॅन्सुई’ हे जपानी नाव भारतात परवान्याने आणलं आणि ते टीव्हीवर लावून घरोघरी पोचवलं. 2018 साली कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, पण नाव लोकांच्या लक्षात आहे. इथल्या बहुतेकांना सॅन्सुई म्हणजे टीव्ही. जगातल्या नादिष्टांना मात्र सॅन्सुई म्हणजे ॲम्प्लिफायर. ट्रान्सफॉर्मर बनवता बनवता ही टोकियोची कंपनी ॲम्प्लिफायरकडे वळली आणि तिची 1970च्या दशकातली यंत्रं लोक अजून दुरुस्त करून वापरतात. ते नाव दोन अक्षरांचं, डोंगर आणि पाणी. दोन्ही एकत्र लिहिली की अर्थ होतो निसर्गचित्र. त्यात ‘वाढवणे’ कुठेच नाही.

‘नादिष्ट’ हा शब्द वर सहज आला, पण तो मराठीची कमाई आहे. नाद म्हणजे सूर आणि नाद म्हणजे वेडही. घंटेचा नाद, पतंगाचा नाद, नादाला लागणे, नाद सोडणे. चांगल्या आवाजापायी तारा, खुंट्या, खोकी बदलत बसणाऱ्या माणसाला इतर भाषांना खास शब्द घडवावा लागला. आपल्याकडे तो तयारच होता.

स्पीकरकडे वळू. मुळात तो ‘लाउडस्पीकर’. घरात आल्यावर त्याचा ‘लाउड’ गळाला. 1915 साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी लोकांना ऐकवलेल्या यंत्राचं नाव होतं ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे मोठा आवाज. यातला लॅटिन ‘व्हॉक्स’, इंग्रजी ‘व्हॉइस’, संस्कृत ‘वाच्’ ही एका मुळाची भावंडं. फारसीतून आलेला आपला ‘आवाज’ही त्याच घरातला. म्हणजे वाचा आणि आवाज हे परके नाहीत, एक थेट आली, दुसरा इराणमार्गे आला. वली आणि सिराज या औरंगाबादी शायरांच्या या गावात हे सांगायला नकोच. पुढे 1925 साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आज घरोघरी दिसतो तो, कोनाला चिकटलेल्या हलत्या कॉइलचा स्पीकर सिद्ध केला.

मराठीने मात्र सुरुवातीला या यंत्राचं तोंड बघून नावं ठेवली. ग्रामोफोनचा तो कर्णा आणि देवळाच्या कळसाजवळ बांधलेला तोही कर्णा. ऐकताना वाटतं, कानाजवळचा म्हणून कर्णा. पण हा फारसी ‘कर्ना’, लांब नळीचं फुंकवाद्य. अबुल फज्लच्या ‘ऐन-ए-अकबरी’त नगारखान्याच्या वाद्यांत त्याची नोंद आहे आणि किमान चार कर्णे एकदम फुंकत असंही तिथे म्हटलं आहे. मलिक अंबरने 1610 साली वसवलेल्या खडकीचं पुढे मोगलांचं औरंगाबाद झालं, तिथे नौबतीबरोबर हा आवाज रोजचाच असणार. ‘भोंगा’ हे नाव आवाजावरूनच पडलं. आधी गिरणीचा, मग निवडणुकीच्या रिक्षाचा. सरकारी आदेशात याचंच ‘ध्वनिक्षेपक’ होतं, रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचं ते. आणि खेड्यापाड्यांत ‘माइक लावला’ म्हटलं की त्यात माइक, मशीन, कर्णे, तारा, झाडावर चढणारा पोरगा असं सगळं आलं.

कर्ण्याच्या जगाचं गणित घरापेक्षा वेगळं असतं हेही सांगायला हवं. शाळेच्या मैदानात लांब तारेवर दहा कर्णे टांगायचे तर 100 व्होल्टची लाइन वापरतात आणि प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. मांडवातल्या जुन्या मशीनच्या पाठीवर 4, 8, 16 ओम आणि 100 व्होल्ट अशा खुंट्या ओळीने असतात. स्वस्तात मिळालं म्हणून असं मशीन घरी आणून बैठकीतले स्पीकर 100 व्होल्टच्या खुंटीला लावणाऱ्याला ‘वाढणे’चा तिसरा अर्थ फार लवकर कळतो.

आता ‘स्टिरिओ’. ग्रीकमध्ये ‘स्टेरेओस’ म्हणजे घन, ठोस. छापखान्यातला ठोकळा तो स्टिरिओटाइप. ध्वनीत हा घनपणा दोन कानांमुळे येतो. 1931 साली ॲलन ब्लमलाइन याने इंग्लंडमध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाचं पेटंट मागितलं आणि 1958च्या सुमारास तशा तबकड्या बाजारात आल्या. तेव्हापासून घरात स्पीकर दोन झाले आणि आपलं दुसरं क्रियापद कामाला आलं.

‘जुळणे’चं घराणं ‘युगल’चं. युगलचंच मराठीत जुळं झालं. त्याच्यामागे ‘युज्’, जोडणे. बैलांच्या मानेवरचं ‘जू’ त्याचंच आणि इंग्रजीतला ‘योक’ही. लग्न जुळतं, सूर जुळतात, छापखान्यात खिळे जुळवणारा तो जुळारी. इंग्रजी ‘मॅच’चीही कथा तीच, त्याचा जुना अर्थ जोडीदार. हा शब्द आपल्याकडे यंत्रांच्या आधी कापडबाजाराने घेतला. गुलमंडी-औरंगपुऱ्यात ‘मॅचिंग सेंटर’ म्हटलं की तिथे साडीवरचा ब्लाउजपीस आणि परकर मिळणार. त्या दुकानातली बाई साडीसारखंच कापड मागत नाही, साडीला शोभणारं मागते.

ॲम्प्लिफायर-स्पीकरच्या जुळणीत लोक हमखास चुकतात ते इथेच. नळ्यांच्या काळात जुळवणं शब्दशः होतं. नळीला स्पीकर थेट चालवता येत नसे, मध्ये ट्रान्सफॉर्मर असे आणि 8 ओमचा स्पीकर 8च्याच खुंटीला लावावा लागे. ट्रान्झिस्टर आल्यावर यंत्राचा स्वतःचा संरोध ओमच्या दहाव्या-विसाव्या भागावर आला आणि स्पीकरचा 8च राहिला. आकडे सारखे असण्याशी आता जुळण्याचा संबंध उरला नाही. स्पीकर जे मागेल ते यंत्राला न धापता देता यावं, एवढाच जुळण्याचा अर्थ. तशीच वॅटची गोष्ट. 50 वॅटच्या स्पीकरला 50 वॅटचाच ॲम्प्लिफायर हवा असा नियम नाही. उलट छोटं यंत्र शेवटपर्यंत पिळलं की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आवाज फाटतो आणि त्या फाटक्या आवाजातली ऊर्जा वरच्या सुरांत जाऊन ते सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, ट्वीटरची, केसासारखी कॉइल जाळते. जरा मोठं यंत्र मध्यावर वाजवणं जास्त सुरक्षित.

आणखी एक आकडा स्पीकरच्या पाठीवर असतो, तो विचारायला कुणी जात नाही. एक वॅट दिला आणि एक मीटरवर कान ठेवला तर किती डेसिबेल? ‘डेसि’ म्हणजे दहावा भाग, आपल्या ‘दश’चा लॅटिन भाऊ, ‘बेल’ टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचा. एक स्पीकर 85चा आणि दुसरा 91चा असेल तर फरक सहाचा दिसतो. पण दर तीन डेसिबेलला वॅट दुप्पट लागतात. दुसऱ्याला जिथे 10 वॅट पुरतील तिथे पहिल्याला 40 लागतील. दहा-बारा फुटांच्या खोलीत बसून ऐकताना एरवी एखाद-दोन वॅटच वापरले जातात, बाकीचे तबल्याच्या थापेसाठी राखीव. आणि ते एखाद-दोनही बहुतेक उष्णतेत जातात. शंभरातला जेमतेम एक भाग ध्वनी होतो.

जुळवण्याचं हे शास्त्र आपल्याकडे परदेशातून यायची गरज नव्हती. शहरापासून पंधराएक किलोमीटरवर देवगिरी आहे. तिथे तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याने नादाचे आहत आणि अनाहत असे भाग सांगितले आणि त्या शब्दाची फोडही दिली, ‘न’ म्हणजे प्राण आणि ‘द’ म्हणजे अग्नी. व्याकरणाच्या कसोटीला ही फोड उतरत नाही, पण श्वास आणि ऊर्जा मिळून नाद होतो हे त्यात बरोबर पकडलं आहे. बावीस श्रुती पटवायला त्याने दोन वीणा घेतल्या. दोन्ही अगदी सारख्या वाजणाऱ्या, प्रत्येकीला बावीस तारा. एक अचल, ध्रुववीणा. दुसरी उतरवत न्यायची, चलवीणा. फरक कळायला आधी जोडी जुळलेली हवी, एवढं त्याने पहिल्या पायरीवर घालून दिलं. मिरजेला आजही तंबोरे जोडीने घेतात आणि ते लावतात, जुळवतात, मिळवतात. तंबोरा ‘वाढवा’ असं कुणी म्हणत नाही.

जोडीबाहेरचा तिसरा हिशेब खोलीचा. ‘घुमट’ हा फारसी ‘गुंबद’, पण मराठीत आल्यावर त्याला ‘घ’ लागला तो ‘घुमणे’च्या शेजारामुळे असावा. बीबी का मकबऱ्याच्या घुमटाखाली किंवा वेरुळच्या ‘सुतार की झोपडी’ म्हणतात त्या दहाव्या लेण्यात एक सूर लावून पाहा. तो सुटला तरी मागे रेंगाळतो. हेच आपल्या नव्या फ्लॅटमध्ये नको असताना होतं. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या. खोली घुमते आणि आपण दोष ॲम्प्लिफायरला देतो. एक जाड सतरंजी, खिडकीला पडदा, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढलेले स्पीकर यांनी जे होतं ते आणखी पन्नास वॅट घेऊन होत नाही.

तेव्हा स्टिरिओ घ्यायला निघालात तर क्रम उलटा करा. आधी आपली खोली मोजा. मग स्पीकर निवडा, तेही ओळखीचं गाणं सोबत नेऊन, आपल्या कानाने ऐकून. त्यांच्या पाठीवरचे ओम आणि डेसिबेल कागदावर टिपून घ्या. त्यानंतर त्या ओमवर सतत किती वॅट देतो ते विचारून ॲम्प्लिफायर घ्या आणि घरी आल्यावर तांबडी तार तांबड्या खुंटीलाच लावा. ‘किती वॅटचा?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही, फक्त तो सगळ्यात शेवटी विचारा.